अग्निशमनाची विद्या

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांपुढे, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आईबापांपुढे, एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय ? ह्या प्रश्नाची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. ज्यास गुण चांगले त्याने डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावे, ज्यास बेताचे त्याने एखाद्या नोकरीची खटपट करावी, आणि ज्याच्या घरी धानाची शेती असेल त्याने ती सांभाळावी. ह्या वाटा वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ह्या मळलेल्या वाटांच्या पलीकडे आणखी एक वाट आहे. तिच्यात विद्याही आहे, पोटाची सोयही आहे, आणि लोकांच्या प्राणांचे रक्षण केल्याचे समाधानही आहे. ती वाट म्हणजे अग्निशमन व आपत्कालीन सेवेच्या शिक्षणाची होय. हे शिक्षण देणारे देशातील प्रमुख सरकारी महाविद्यालय आपल्या विदर्भातच, नागपूर येथे आहे. असे असूनही बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावातील मुलांच्या कानी त्याचे नाव क्वचितच पडते. म्हणून त्या विद्येची थोडी ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस असे वाटते की, आग विझविण्यात शिकावयाचे ते काय ! अंगात बळ असले, मनात धैर्य असले आणि जवळ पाणी असले म्हणजे झाले. हा समज किती घातक आहे हे स्वयंपाकघरातील एका उदाहरणावरूनच दिसून येईल. कढईतील तेल फार तापून पेटले, आणि घाबरलेल्या माणसाने त्यावर तांब्याभर पाणी ओतले, तर काय होते ? पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी जाते; तेथील तीव्र उष्णतेने त्याची तत्क्षणी वाफ होते; आणि ती वाफ उसळताना जळते तेल चोहोकडे फेकते. जी आग एका कढईत होती ती क्षणार्धात छपराला भिडते. त्या माणसाच्या ठायी धैर्य होते, पाणीही होते. नव्हती ती विद्या. तीच कढई झाकणाने अलगद झाकली असती व खालची शेगडी बंद केली असती, तर आग आपोआप गुदमरून विझली असती.

आग विझते कशी हे समजण्यासाठी ती पेटते कशी हे समजले पाहिजे. आगीला तीन गोष्टी लागतात : जळण्याजोगा पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता. ह्या तिन्ही एकत्र आल्या व त्यांच्यातील रासायनिक क्रिया अखंड चालू राहिली, की आग टिकते. ह्यांपैकी एक काढून घेतली की ती विझते. अग्निशमनाच्या साऱ्या युक्त्या एवढ्या एका सूत्रातून निघतात. जंगलात वणव्यापुढचा पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा काढतात, तो जळण काढून घेण्यासाठी. पेटलेल्या कपड्यांवर जाड घोंगडी गुंडाळतात, ती प्राणवायू तोडण्यासाठी. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला म्हणजे नेहमीच्या पदार्थांची ज्वाला बहुधा टिकत नाही. आणि पाणी मारतात ते मुख्यतः उष्णता काढून घेण्यासाठी.

पाणी हे काम इतके चांगले करते ह्याचे कारण आमच्या विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलेच आहे. ३० अंशांवरील एक किलोग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे जे पाणी आगीवरून नुसते वाहून गेले त्याने थोडे काम केले, आणि ज्याची वाफ झाली त्याने आठपटीच्या जवळपास अधिक केले. शिवाय वाफ होताना पाण्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते व ती वाफ आगीजवळची हवा बाजूस सारते. म्हणूनच शिकलेला अग्निशामक कित्येकदा नळीच्या तोंडातून जाड धार न सोडता बारीक तुषार सोडतो. परीक्षेपुरता पाठ केलेला गुप्त उष्णतेचा धडा अशा ठिकाणी माणसे वाचवीत असतो.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या भागात आगीचे दिवस कोणते ? कापणी झाल्यावर शेतात धानाचे पुंजणे रचून ठेवलेले असतात, तेव्हापासून भीती सुरू होते. एका पुंजण्यास आग लागली म्हणजे कुटुंबाच्या वर्षाच्या श्रमांची घटकेत राख होते. पुढे मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्याचा हंगाम येतो. झाडाखालची जागा मोकळी व्हावी म्हणून कोणी पाला पेटवितो, तो विस्तव वाऱ्याने रानात शिरतो आणि वणवा होतो. तणशीचे ढीग, गोठे, लाकूडफाटा ही सारी ह्याच दिवसांत वाळून कोळ झालेली असतात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत विहिरींचे पाणी खाली गेलेले असते.

ह्या शेवटच्या गोष्टीत विज्ञानाचा एक मोठा धडा आहे. बंबाचा पंप विहिरीतील पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो पाणी ओढत नसतो. तो नळीतील हवा काढून घेतो, आणि बाहेरील हवेचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. हा दाब पाण्याचा फार तर १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. अर्थात काठावर ठेवलेला पंप कितीही शक्तिमान असला, तरी त्याहून खोल असलेले पाणी अशा रीतीने वर येणे शक्य नाही. आणि प्रत्यक्ष व्यवहारात तर ७-८ मीटरांपलीकडे भरवसा धरता येत नाही. शेजारी भरलेली विहीर असूनही बंब रिता उभा आहे, असा देखावा पाहून लोक बंबवाल्यांस शिव्या देतात. परंतु तेथे दोष माणसांचा नसून तो निसर्गनियमाचा प्रश्न असतो. ज्यास हे ठाऊक आहे तो आधीच विचार करतो : कोणत्या तलावाच्या काठापर्यंत गाडी जाऊ शकेल, कोणत्या विहिरीत पाण्यात बुडविण्याचा पंप सोडावा लागेल, कोणत्या वाटेने नळी न्यावी. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. ह्या तलावांची अशी टिपणी गावोगावी तयार असती तर कितीतरी नुकसान टळले असते.

बंब असतो तो नगरपालिकेच्या गावी. खेड्यापर्यंत तो मैलांमागून मैल तुडवीत यावयाचा. तोपर्यंत जे काही करावयाचे ते गावानेच केले पाहिजे. आणि तणशीच्या ढिगाची आग अशी फसवी असते की, वरून पाणी ओतले म्हणजे ती विझल्यासारखी दिसते, परंतु आत धुमसत राहून काही तासांनी पुन्हा पेट घेते. तो ढीग आकड्यांनी उपसून, पसरून, आतील प्रत्येक थर भिजविल्याविना ती खरी विझत नाही. ह्या गोष्टी कोणी तरी शिकून येऊन गावास शिकविल्या पाहिजेत.

परंतु आगीतील सर्वांत मोठा वैरी ज्वाला नसून धूर हा होय. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जडतो, आणि माणूस जागच्या जागी बेशुद्ध होतो. झोपलेल्या माणसास तर जाग येण्याचीही संधी मिळत नाही. म्हणून धूर भरलेल्या खोलीतून जाताना उभे राहून न धावता जमिनीलगत रांगत जावे, कारण तापलेला धूर वर चढतो व खाली काही काळ बरी हवा राहते. आणि बाहेर पडताना मागचे दार लावून घ्यावे, म्हणजे धुरास व आगीस पुढे येण्यास वेळ लागतो.

हे लिहिताना आपल्याच जिल्ह्यातील एक दुःखद घटना आमच्या मनापुढून हलत नाही. दिनांक ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षास आग लागली. तेथील दहा अर्भके दगावली; सात वाचविण्यात आली. गेलेल्या दहांपैकी तीन भाजल्यामुळे आणि सात धुराने गुदमरून मृत्यू पावली, असे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. ज्या मातांनी आपल्या बाळांचे मुख नीट पाहिलेही नव्हते त्यांच्या दुःखाबद्दल लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तपासणी करण्याचे आदेश निघाले. परंतु अशी तपासणी करावयाची म्हणजे कोणी करावयाची ? विजेच्या तारांवर भार किती, धूर ओळखणारे यंत्र कोठे असावे, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे, रात्री जागणाऱ्या सेवकांस काय शिकविलेले असावे, हे ज्यास समजते असा शिकलेला मनुष्य त्यासाठी हवा. तशी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती आमच्या-तुमच्या घरांतूनच निघावी लागतात.

विद्या व सावधगिरी ह्यांच्या अभावी धैर्य कसे व्यर्थ जाते ह्याची साक्ष मुंबईच्या इतिहासातही आहे. दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटक पदार्थ व दारूगोळा होता, आणि त्याच जहाजावर कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या. कापसास आग लागली. अग्निशामक दलाच्या लोकांनी जिवावर उदार होऊन तासन्‌तास पाणी मारले. परंतु चारच्या सुमारास पहिला व अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. शेकडो लोक मेले, गोदीलगतचा भाग उद्ध्वस्त झाला, आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असता कामी आले. त्यांच्या शौर्यात तिळमात्र उणेपणा नव्हता. परंतु कापूस व स्फोटके एकाच जहाजावर भरली जाऊ देणे, हीच मुळात घातक चूक होती. आणि ती त्यांच्या हाती नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आमच्या मते त्या सप्ताहाचा खरा बोध असा की, आग विझविणे ही ह्या विद्येची धाकटी बाजू असून आग लागू न देणे ही थोरली बाजू आहे.

आता नागपूरच्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही केंद्र सरकारच्या गृहखात्याची संस्था होय. ती १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे निघाली व १९५७ साली नागपुरास आली. येथे दोन प्रकारचे शिक्षण मिळते. निरनिराळ्या राज्यांच्या व कारखान्यांच्या अग्निशमन दलांतील अधिकाऱ्यांसाठी कामाचे अभ्यासक्रम आहेत. आणि विद्यार्थ्यांसाठी अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी आहे. ही पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची आहे. विशेष असे की, १९५७ सालीच आपत्तीत साहाय्य करण्याचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची दुसरी एक संस्थाही नागपुरात सुरू झाली. ती पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनीही आता त्याच नगरात आहे. तात्पर्य, ज्या शिक्षणासाठी दूर देशींचे विद्यार्थी नागपुरास येतात ते आपल्या उंबरठ्याशी आहे.

तेथे शिकवितात काय ? विद्यार्थी गणित, पदार्थविज्ञान व रसायन ह्यांच्या पायावर ज्वलनाचे शास्त्र शिकतो. पाणी नळीतून वाहताना त्याचा दाब कसा घटतो हे शिकतो. नळी तीच ठेवून पाण्याचा प्रवाह दुप्पट केला तर घर्षणाने होणारी दाबाची घट जवळजवळ चौपट होते, हे ज्यास ठाऊक नाही त्याची धार वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतच नाही. तो इमारतीचे बांधकाम शिकतो; तापलेले लोखंड केव्हा वाकते, भिंत कोणत्या बाजूस कोसळेल, आत किती वेळ थांबावे, हे त्यास ठरवावे लागते. वीज, रसायने, तेले, वायू ह्यांच्या आगींचे निरनिराळे वर्ग व त्यांवरील निरनिराळे उपाय तो शिकतो. ह्याखेरीज शिडी, दोर, श्वसनयंत्र, प्रथमोपचार, पडक्या घरातून व पुरातून माणसे काढणे, ह्यांचा सराव असतोच. आणि कायद्याचेही ज्ञान असते. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो इमारतींच्या मालकांवर व वहिवाटदारांवर आगीपासून संरक्षणाची जबाबदारी टाकतो.

पुराचा उल्लेख आम्ही उगाच केला नाही. आपल्या डोळ्यांदेखत ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहर व नदीकाठची गावे पाण्याखाली घातली होती. त्या वेळी नाव घेऊन धावणारी माणसे ह्याच आपत्कालीन सेवेची होत. आग, पूर, अपघात, स्फोट, इमारत कोसळणे, ह्या सर्व प्रसंगी ज्यांनी प्रथम पोहोचावयाचे त्यांची विद्या एकच आहे.

ह्या पदवीसाठी बारावीस विज्ञान शाखा घेऊन पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय असावे लागतात. उंची, वजन, दृष्टी व एकंदर शरीरप्रकृती ह्यांचीही परीक्षा होते. प्रवेशाच्या रीती व तारखा बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षी महाविद्यालयाची अधिकृत सूचना स्वतः पाहावी. ज्यांस पदवीपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी निराश होऊ नये. मुंबईस महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी आहे. तेथील अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा व उपअधिकाऱ्याचा एक वर्षाचा असतो. येथे पालकांस एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ‘फायर अँड सेफ्टी’ असे नाव लावून प्रमाणपत्रे देणाऱ्या खाजगी संस्था शहराशहरांतून निघाल्या आहेत. त्यांतील काही चांगल्या असतील. परंतु फी भरण्यापूर्वी ते प्रमाणपत्र सरकारी भरतीस चालते किंवा नाही ह्याची लेखी खात्री करून घ्यावी. शेत गहाण टाकून आणलेला पैसा निरुपयोगी कागदापायी जाऊ नये.

नोकरी कोठे मिळेल, हा पालकांचा रास्त प्रश्न आहे. महानगरपालिका व नगरपालिका, विमानतळ, तेलशुद्धीकरणाचे कारखाने, खाणी, वीजकेंद्रे, मोठी रुग्णालये, ह्या सर्वांस अशा माणसांची गरज असते. आपल्याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, जेथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या भीषण स्फोटात कित्येक कामगारांचे प्राण गेले. जेथे धोका आहे तेथे धोका जाणणारा मनुष्य हवाच.

हे काम पुरुषांचेच, असेही कोणी समजू नये. नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर ह्यांनी २००२ साली ह्या महाविद्यालयात प्रवेश मिळविला, तेव्हा तेथे शिकणाऱ्या त्या पहिल्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे तेल व नैसर्गिक वायू महामंडळात त्या अग्निशमन अभियंता झाल्या आणि भारतातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्यांचे नाव झाले. आमच्या शाळेतील ज्या मुली डोक्यावर मोळी घेऊन मैल मैल चालतात त्यांस बळाची उणीव आहे असे आम्हांस वाटत नाही.

धोक्याविषयी मात्र आम्ही पालकांपासून काही लपवू इच्छित नाही. दिनांक ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील इमारतीस लागलेल्या आगीत दलाच्या चार अधिकाऱ्यांना आपले प्राण द्यावे लागले. त्यांत दलाचे प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर हेही होते. उत्तम शिकलेल्या व अनुभवी माणसांवरही असा प्रसंग येतो. परंतु अशिक्षित धैर्यापेक्षा शिकलेले धैर्य स्वतःसही अधिक वाचविते व दुसऱ्यासही अधिक वाचविते, हे तितकेच खरे आहे. सैन्यात जाणाऱ्या मुलास आपण जसा आशीर्वाद देतो तसाच ह्या मुलासही द्यावयास हवा.

सर्वच विद्यार्थी ह्या महाविद्यालयात जातील अशी आमची कल्पना नाही. शंभरांतून एखादा गेला तरी पुष्कळ झाले. उरलेल्यांनी ह्या सुट्टीत निदान एवढे करावे : आग लागल्यास १०१, कोणत्याही संकटात ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील सर्वांस, लहान भावंडांसही, पाठ करवावे. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. सिलिंडरची कळ बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांनी बाहेर पडावे व बाहेरूनच १९०६ वर कळवावे, कारण तो वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो व एका ठिणगीने पेटतो. पुंजणे व तणशीचे ढीग घरापासून, विजेच्या तारांपासून आणि एकमेकांपासून दूर रचावे, म्हणजे एक पेटला तरी दुसरे वाचतील. मोहाखालचा पाला न पेटविता झाडून काढावा. आणि गावाजवळ बंब उभा राहू शकेल असे पाणी कोठे आहे, ते वैशाखात किती खोल जाते, हे दोरीने मोजून वहीत लिहून ठेवावे.

ती वही ग्रामपंचायतीत दिली तर तिचा उपयोग कधी होईल हे आज कोणी सांगू शकत नाही; परंतु ज्या दिवशी होईल त्या दिवशी ती मोजणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ह्या विद्येचा पहिला धडा पुरा केला असे आम्ही म्हणू. आणि तेच मूल पुढे घरी येऊन, ‘मला नागपुरास अग्निशमन शिकावयाचे आहे’ असे म्हणेल, तर आईबापांनी हसू नये; त्याला जवळ बसवून ते काय म्हणते हे नीट ऐकून घ्यावे.